गिरणीचा पट्टा आणि संगणकाचे घड्याळ

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या पोटातल्या यंत्रावर लेख लिहावा, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. मराठी वाङ्मयाच्या तासाला मागच्या बाकावर बसणारा, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेला मुलगा मेगाहर्ट्झ आणि व्होल्टच्या गोष्टी सांगू लागला, तर 'याचे येथे काय काम?' असा प्रश्न पडणारच. पण या विषयात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती मनात ठेवून कुढत बसण्यापेक्षा चार लोकांपुढे मांडलेली बरी, असे मला वाटते. शिवाय त्या चुकीतून माझे एक मत तयार झाले आहे. ते पटते की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

बारावीनंतरच्या सुटीत मी तालुक्याच्या गावी एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम करीत होतो. पुढे मालकांनी तो धंदा बंद केला, तेव्हा शेवटच्या महिन्याच्या पगाराऐवजी मी त्यांच्याकडे एक जुना संगणक मागितला. त्यांनी तो आनंदाने दिला. त्यात २००८ सालचा पेंटियम ड्युअल-कोर ई-५२०० हा प्रोसेसर होता. आजच्या हिशेबाने हे यंत्र म्हणजे भंगारच. पण आमच्या घरात आलेला तो पहिला संगणक होता. आईने त्यावर धुतलेला टॉवेल पांघरून ठेवला होता.

या संगणकावर काय करावे, हा प्रश्न होता. तेव्हा मला वाटून घेतलेल्या गणनेची माहिती मिळाली. ही कल्पना आपल्याकडच्या खेड्यातल्या माणसाला समजावून सांगायला अगदी सोपी आहे, कारण आपल्याकडे इर्जिक होती. एखाद्याचे रान मोठे, बैलजोडी एकच, आणि पाऊस तोंडावर आलेला. अशा वेळी गावातले दहा-बारा जण आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरत आणि एका दिवसात नांगरट उरकून टाकत. मजुरी नाही, फक्त जेवण. वाटून घेतलेली गणना ही संगणकांची इर्जिक आहे. एखादे प्रचंड मोठे गणित असते. त्याचे हजारो लहान तुकडे करतात, आणि जगभरच्या लोकांच्या घरी रिकामे पडलेले संगणक एकेक तुकडा सोडवून उत्तर परत पाठवतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने १९९९ मध्ये 'सेटी ॲट होम' सुरू केले. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींत कुणा परग्रहावरच्या बुद्धिमंतांची खूण सापडते का, हे लोकांच्या घरातले संगणक वीस वर्षे शोधत होते. ३१ मार्च २०२० रोजी नवे काम वाटणे त्यांनी थांबवले. त्याच महिन्यात करोनाची साथ पसरली होती, आणि प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या 'फोल्डिंग ॲट होम' या दुसऱ्या उपक्रमाकडे लाखो लोकांनी आपले संगणक वळवले.

मी जो उपक्रम निवडला तो याहून रुक्ष आहे. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात मारँ मर्सेन नावाचे एक धर्मोपदेशक होते. २ चा अमुक घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा, अशा संख्यांतल्या मूळ संख्या कोणत्या, याची यादी त्यांनी १६४४ मध्ये दिली. २ च्या तिसऱ्या घातातून १ गेला की ७ उरतात. ती मूळ संख्या. पाचव्या घाताचे ३१, तीही मूळ. पण अकराव्या घाताचे २०४७ येतात, आणि ते २३ गुणिले ८९ निघतात. अशा संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९६ मध्ये 'गिम्प्स' हा उपक्रम सुरू केला आणि त्यासाठी 'प्राइम-९५' ही आज्ञावली लिहिली. १९९६ ते २०१८ या काळात लोकांच्या संगणकांनी अशा १७ संख्या शोधून काढल्या. माझ्याकडे दुबार तपासणीचे काम आले. म्हणजे एकाने पूर्वी तपासलेली संख्या दुसऱ्याने पहिल्यापासून पुन्हा तपासायची, आणि दोघांची उत्तरे जुळतात का ते पाहायचे. माझ्या यंत्राला एका संख्येसाठी महिनाभर अहोरात्र चालावे लागणार होते.

महिना! एकोणिसाव्या वर्षी महिना फार मोठा वाटतो. म्हणून मी ओव्हरक्लॉकिंगच्या नादी लागलो.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय, हे मी गिरणीवरून सांगतो, कारण माझे वडील पिठाची गिरणी चालवतात. मोटार आपल्या गतीने फिरते. तिच्यावरची पुली आणि जात्यावरची पुली यांना पट्टा जोडतो. मोटारीवर मोठी पुली बसवली की मोटारीच्या एका फेऱ्यात जाते अधिक फिरते. प्रोसेसरचेही असेच आहे. माझ्या प्रोसेसरला २०० मेगाहर्ट्झचा ठोका मिळतो आणि तो त्याला साडेबाराने गुणतो. झाले २,५०० मेगाहर्ट्झ. गुणक वाढवता येत नाही. पण मूळ ठोका २०० वरून २६६ केला, की तोच प्रोसेसर ३,३२५ वर धावतो. म्हणजे एक पैसा न खर्चता तेहतीस टक्के वाढ. फक्त एवढ्या वेगात तो अडखळू नये म्हणून त्याला थोडा जास्त व्होल्टेज द्यावा लागतो.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे निव्वळ उनाडपणा, असे माझे म्हणणे नाही. १९९८ मध्ये इंटेलने 'सेलेरॉन ३००-ए' नावाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याच्यावर शिक्का ३०० मेगाहर्ट्झचा होता. पण हौशी लोकांनी त्याचा ठोका ६६ वरून १०० केला, आणि त्यातले पुष्कळ प्रोसेसर निर्वेधपणे ४५० वर धावू लागले. त्याच कारखान्याच्या, कितीतरी महाग असलेल्या पेंटियम-दोनच्या बरोबरीने. कारण सरळ होते. ताकद आत होती, शिक्का मात्र बाजाराच्या सोयीने कमी मारलेला होता. ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला रात्री झोप आली नाही. आमच्यासारख्या घरांतून आलेल्या मुलांवरही असे शिक्के असतातच की! 'याला इंग्रजी झेपायचे नाही', 'गिरणीवाल्याचा पोरगा, बी.ए. करून काय करणार?' हे आम्ही ऐकत मोठे झालो. शिक्क्यापेक्षा जास्त धावून दाखवावे, ही इच्छा मी यंत्रावर पुरी करून घेतली, असे आता वाटते.

जानेवारीत मी ठोका २६६ केला. थंडीचे दिवस होते. यंत्र सुरळीत चालले. त्या आठवड्यात मी मित्रांना सांगत सुटलो, की माझा अडीचचा संगणक सव्वातीनच्या वर धावतो. एकानेही विचारले नाही, की उत्तरे बरोबर येतात का? आणि मीही विचारले नाही.

मग एप्रिल आला. आमची मागची खोली पत्र्याची आहे. दुपारी तेथे माणूस बसू शकत नाही, तेथे संगणक अहोरात्र चालू. आज्ञावलीच्या चौकटीत चुकीची सूचना येऊ लागली. मधल्या टप्प्यावर हिशेब जुळला नाही, म्हणून ती शेवटच्या खात्रीच्या जागेवर मागे जाई आणि तेथून पुन्हा सुरुवात करी. पहिल्या दिवशी एकदा. नंतर रोज चार-पाच वेळा. मी एका वहीत आठ दिवसांचा हिशेब ठेवला, तेव्हा दिसले, की ताणलेल्या वेगावर आठवड्यात जेवढे काम पुढे सरकले, त्याहून जास्त काम मूळ वेगावर झाले असते. तरी मी ठोका उतरवला नाही. मित्रांना आकडा सांगून बसलो होतो ना!

त्याच महिन्यात विजेचे बिल आले. आमच्या घराला महिन्याला साठेक युनिट पुरतात. शंभर युनिटांच्या पुढे गेले की दर चढतो, आणि आम्ही शंभराच्या बरेच पुढे गेलो होतो. आबांनी बिल उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, "आरं, घरात काय नवीन लागलंय व्हय? आकडा एवढा कसा फुगला?"

मी म्हणालो, "उन्हाळा हाय आबा. पंखा रातभर चालतोय."

आबांनी पुढे काही विचारले नाही. गिरणीचा पट्टा झिजला होता, तो त्या महिन्यात बदलायचा होता. त्यांनी तो बदलला नाही. जुनाच पट्टा कापून पुन्हा जोडला आणि म्हणाले, "चालंल अजून दोन म्हैनं." मी तेथेच उभा होतो.

त्या पट्ट्याकडे पाहताना मला मागची एक गोष्ट आठवली. मी दहावीत असताना दिवाळीच्या आधी गिरणीवर दळणाचे डबे इतके साठले, की आबांनी मोटारीवर मोठी पुली बसवली. दळण भराभर निघू लागले. पण पीठ हाताला चटका बसावा इतके गरम येई. तिसऱ्या दिवशी बायका परत आल्या. ज्वारीच्या पिठाची विरी गेली होती, भाकरी थापताना तुटत होती. आबांनी वाद घातला नाही. त्यांनी तिघी-चौघींना पुन्हा दळून दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि त्या रात्री जुनी पुली परत बसवली. त्या वेळी ते म्हणाले होते, "लोक आपल्याकडं पीठ न्यायला येत्यात, येळ न्यायला न्हाई."

सातवी शिकलेल्या माणसाला जे तीन दिवसांत कळले, ते मला कॉलेजात जाऊन तीन महिने कळले नाही. मी त्याच संध्याकाळी आबांना खरे काय ते सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी फक्त विचारले, "त्या यंत्राला तासाला किती वीज लागती, तुला ठावं हाय का?" मला ठाऊक नव्हते. म्हणून मी मोजली. आमच्या मीटरवरचा लाल दिवा युनिटामागे ३,२०० वेळा लुकलुकतो, हे मीटरवरच छापलेले आहे. घरातले बाकी सारे बंद करून मी दहा मिनिटे मोजत बसलो. मूळ वेगावर ५३ वेळा, म्हणजे १०० वॅट. ताणलेल्या वेगावर ६७ वेळा, म्हणजे १२५ वॅटच्या आसपास. अहोरात्र चालवले तर महिन्याला ७२ युनिट आणि ९० युनिट.

वाढलेली वीज कोठे जाते, याचेही गणित आहे आणि ते कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मी वेग १.३३ पट केला आणि व्होल्टेज १.२० वरून १.३२, म्हणजे १.१ पट. १.१ चा वर्ग १.२१, त्याला १.३३ ने गुणले की १.६१ येतात. म्हणजे प्रोसेसरच्या कामात तेहतीस टक्के वाढ आणि त्याच्या विजेच्या खाण्यात एकसष्ट टक्के वाढ. ही जादा वीज उष्णता होऊन बाहेर पडते, उष्णतेने चुका होतात, आणि चुकांनी वेग खाली येतो. 'फुकटात तेहतीस टक्के' या शब्दांतला 'फुकटात' हा शब्द खोटा होता. पैसे भरले जात होते. फक्त ते मी भरत नव्हतो.

आता कोणी म्हणेल, की आज्ञावली स्वतःच चुका पकडते, शिवाय दुबार तपासणी आहेच; मग एका मुलाच्या यंत्राने चार चुका केल्या तर जगाचे काय बिघडले? हा युक्तिवाद मीही स्वतःशी केला होता. पण त्याचा अर्थ काय होतो, ते पाहा. इर्जिकीला गेलेल्या माणसाने उथळ नांगरट करावी आणि म्हणावे, 'मागून कोणी तरी पुन्हा नांगरेलच की!' दुबार तपासणी आहे ती आपल्या नकळत झालेल्या चुकांसाठी. कळूनसवरून केलेली चूक तिच्या गळ्यात घालणे म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी महिनाभराच्या विजेवर आपली मिजास चालवणे होय.

गणनेच्या इतिहासात मोठी माणसे दिसतात ती बहुधा तपासणाऱ्यांतली आहेत. मर्सेनच्या यादीत ६७ वा घात होता. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्यूका याने दाखवले, की ती संख्या मूळ नाही. पण तिचे अवयव कोणते, हे अमेरिकन प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये सांगितले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. सभेत त्यांनी फळ्यावर एक अक्षर न बोलता हा गुणाकार करून दाखवला, आणि या शोधाला 'तीन वर्षांचे रविवार' लागले, असे त्यांनी पुढे म्हटल्याचे सांगतात. त्याहून अलीकडची गोष्ट १९९४ ची. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. ते जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत होते, आणि त्यांच्या उत्तरांत कोठे तरी दहाव्या अंकानंतर फरक पडत होता. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. त्यांनी तपासत तपासत शोधून काढले, की चूक त्यांची नसून नव्या पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातच आहे. कंपनीने प्रथम ही बाब किरकोळ ठरवली. पण वर्षअखेर सर्व सदोष प्रोसेसर बदलून देण्याचे कबूल केले, आणि त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा पडला. एका कॉलेजातला एक प्राध्यापक आणि त्याची पुन्हा तपासण्याची सवय, एवढ्या भांडवलावर हे झाले!

आपल्याकडे ही सवय आहे काय? मी कुणावर आरोप करीत नाही. स्वतःचेच उदाहरण दिले आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडमधली उत्तरे आपण पाठ करतो आणि गुण मिळाले की उत्तर बरोबर होते असे समजतो. कोणी किती तासांत किती धडे 'उरकले' याची चर्चा होते. त्यातले किती कळले, याची होत नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला तर ही घाई अधिक असते. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पाठवलेले असते, आणि लवकर काही तरी दाखवावे असे वाटते. म्हणून मी म्हणतो, की शिक्क्यापेक्षा जास्त धावण्याचा आपल्याला हक्क आहे, पण तो शाबीत करायचा तर बरोबर उत्तरांनी करावा लागेल. सेलेरॉन ३००-ए चे नाव झाले, कारण ४५० च्या वेगावरही तो अचूक चालला. नुसता धावून कोलमडला असता, तर त्याचे नाव आज कोणी घेतले नसते.

एक शंका उरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी आजवरची सर्वांत मोठी मूळ संख्या शोधली. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. ही ५२ वी मर्सेन मूळ संख्या. आणि ती घरगुती संगणकावर नव्हे, तर मोठमोठ्या केंद्रांत भाड्याने घेतलेल्या शक्तिमान ग्राफिक्स प्रोसेसरांवर सापडली. मग माझ्या २००८ सालच्या यंत्राने रात्र रात्र जागून काय साधणार? वेगाच्या शर्यतीत काही नाही, हे मी कबूल करतो. तेथे ठोका २६६ केला काय आणि २०० ठेवला काय, हत्तीपुढे मुंगीच. पण दुबार तपासणीत माझे बरोबर उत्तर आणि त्या मोठ्या यंत्राचे बरोबर उत्तर यांची किंमत एकच असते. जुन्या यंत्राला आणि गरीब घरच्या मुलाला बरोबरीचा मान मिळावा अशी जागा जगात फार नाही. ती घाईपायी घालवू नये.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्याला ओव्हरक्लॉकिंग करायचे आहे त्याने जरूर करावे, पण प्राइम-९५ मधली छळ-चाचणी चोवीस तास एकही चूक न येता पार पडल्याशिवाय तो वेग आपला म्हणू नये, उन्हाळा आला की खाली उतरावे, आणि बिल जो भरतो त्याला आधी विचारावे. आपल्या कॉलेजच्या संगणक कक्षातली यंत्रे दिवसातले कित्येक तास रिकामी असतात. प्राचार्यांची परवानगी मिळाली तर ती, मूळ वेगावर आणि कक्ष उघडा असेल तेवढ्याच वेळात, अशा एखाद्या कामाला लावता येतील. वीज कॉलेजची आहे, म्हणून परवानगीशिवाय एक तासही नको. कला शाखेचे चार-सहा विद्यार्थी पुढे आले तर मी अर्ज लिहायला तयार आहे.

आमच्या घरी आबांनी आणि मी मिळून हिशेब केला. रात्री आठ तास, मूळ वेगावर: महिन्याला २४ युनिट. घरचे साठ धरून ८४. शंभराच्या आत. एप्रिलमधले अर्धवट काम मी सोडून दिले आणि जूनमध्ये नवी संख्या घेतली. ती पुरी व्हायला चार महिने लागले. ऑक्टोबरमध्ये उत्तर पाठवले, तेव्हा जगात कोठे तरी कुणी तरी पूर्वी काढलेल्या उत्तराशी ते अंकागणिक जुळले. ती मूळ संख्या नव्हती. बहुतेक नसतातच. मी गिरणीत जाऊन आबांना सांगितले, "जुळलं." त्यांनी नवा पट्टा हाताने दाबून पाहिला, आणि म्हणाले, "मग आता दुसरं घे."

(द्वितीय वर्ष, कला)